फिल्ड प्रोजेक्टमधून पदवीधर कसा घडवायचा: बेदाण्याच्या पेठेत बसवलेली पद्धत

बी.ए., बी.कॉम. किंवा बी.एस्सी.च्या मुलांचा फिल्ड प्रोजेक्ट, म्हणजे महाविद्यालयाबाहेर जाऊन करायचा प्रकल्प, यंदा ज्यांच्या वाट्याला आलाय, त्या सहकाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. मी सांगली जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. आमची बरीच मुलं तासगाव, कवठेमहांकाळ, जत आणि मिरज पूर्व भागातून एस.टी.नं येतात. कुणाच्या घरी द्राक्षबाग आहे, कुणाची आई दुसऱ्याच्या बेदाणा शेडवर निवडीच्या कामाला जाते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण जुलै 2020 मध्ये आलं. आपल्याकडे स्वायत्त महाविद्यालयांत 2023-24 पासून आणि बाकीच्या संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून ते लागू झालं. तेव्हापासून मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, व्हीएससी (व्यावसायिक कौशल्याचा विषय), एसईसी (कौशल्यवाढीचा विषय) हे शब्द मुलांच्याही तोंडी बसलेत. त्यासोबत ‘पदवीधर गुणविशेष’ नावाची यादीही आली. विषयाचं ज्ञान, चिकित्सक विचार, संवाद, संशोधनवृत्ती, सहकार्य, डिजिटल कौशल्य, वेगवेगळ्या भाषा-संस्कृतींतल्या माणसांशी वागण्याची समज, पर्यावरणाचं भान, समाजाशी नातं, सहृदयता अशी ती लांबलचक यादी आहे. अभियांत्रिकीवाल्यांना ती आधीपासून ठाऊक होती, कारण भारत 2014 मध्ये वॉशिंग्टन कराराचा कायम सदस्य झाला आणि त्यांच्या मानांकनात असे गुण दाखवणं सक्तीचं झालं. कला-वाणिज्य-विज्ञानात मात्र ही यादी बहुतेक ठिकाणी नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेसाठीच्या, फायलीत आणि विभागाच्या भिंतीवरच्या फ्लेक्सवर राहिली.

माझं म्हणणं एकच आहे, आणि पुढची सगळी पद्धत त्यावरच उभी आहे. ज्याचं उत्तर कुणाला तरी खरोखर हवंय, असं काम विद्यार्थ्याच्या हाती दिलं, आणि ते उत्तर तपासायला तो माणूस समोर बसला, की हे गुण घडायला लागतात. फक्त शिक्षकाला दाखवायचं काम असेल तर मूल शिक्षकाला काय आवडतं तेवढं शिकतं.

हे आत्ताच का निकडीचं झालंय, तेही सांगते. उच्च शिक्षणातलं एकूण नोंदणीचं प्रमाण (त्या वयाच्या शंभर मुलांमागे किती) 2018 मधल्या 26.3 टक्क्यांवरून 2035 पर्यंत 50 टक्क्यांवर न्यायचं, असं धोरणात लिहिलेलं आहे. ते व्हायलाच हवं. पण दोघांत एक जण पदवीला असेल, तेव्हा नुसत्या पदवीच्या कागदाला कोण विचारणार? दुसरीकडे 2022 च्या अखेरीला चॅटजीपीटी आलं, आणि ‘प्रकल्प अहवाल’ नावाची चाळीस पानं आता दहा मिनिटांत तयार होतात. पुस्तकातलं पुन्हा लिहून दाखवण्याचे गुण देत बसलो, तर आपण मुलांना असं काहीतरी शिकवू जे त्यांच्या खिशातला फोन त्यांच्याहून चांगलं करतो.

आधी प्रश्न शोधा, तोही महाविद्यालयाबाहेर

हे काम सत्र सुरू व्हायच्या आधी शिक्षकानं करायचं आहे. मुलांवर सोडलंत तर ‘सांगली जिल्ह्यातील बेदाणा उद्योगाचा अभ्यास’ असा विषय येतो. त्यात प्रश्नच नाही, त्यामुळे उत्तरही येत नाही.

मी मार्केट यार्डात जाते. अडत दुकानात बसते, शीतगृहाच्या व्यवस्थापकाला भेटते, माल घेऊन आलेल्या बागायतदाराशी बोलते. सगळ्यांना एकच विचारायचं: ‘तुम्हाला असं काय कळून घ्यायचंय, ज्यासाठी तुम्हाला वेळ होत नाही?’ पहिल्यांदा माणसं सरकारला, हवामानाला आणि व्यापाऱ्याला बोलतात. ऐकून घ्यायचं. मग चहा येतो, आणि त्यानंतर खरा प्रश्न येतो. मला मिळालेला प्रश्न असा होता: बेदाणा तयार झाल्यावर एप्रिलमध्येच विकावा, की शीतगृहात ठेवून दिवाळीपर्यंत थांबावं?

बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगते. आमच्याकडे सोनाका, थॉम्पसन, तास-ए-गणेश या जातींची द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून शेडमधल्या जाळ्यांवर वाळवतात. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. हंगाम फेब्रुवारी ते एप्रिल. त्यानंतर बराचसा माल शीतगृहात जातो आणि तासगाव, सांगलीच्या सौद्यांत वर्षभर थोडाथोडा निघतो. म्हणजे जुलैत तिसरं सत्र सुरू होतं, तेव्हा प्रत्येक बागायतदाराच्या डोक्यात हाच हिशेब चालू असतो. सत्र आणि प्रश्नाचा हंगाम जुळणं फार महत्त्वाचं आहे. ऊसतोडीचा प्रश्न जूनमध्ये घेतलात तर फडात कुणी भेटणार नाही.

प्रश्न निवडताना मी तीन गोष्टी बघते. उत्तराची वाट बघणारा एक तरी माणूस माहीत हवा. त्याला लागणारी माहिती मुलांना हाती मिळण्याजोगी हवी. आणि काम ठरलेल्या तासांत बसायला हवं: प्रत्यक्ष कामाचं एक क्रेडिट म्हणजे 30 तास, म्हणून दोन क्रेडिटच्या प्रोजेक्टला 60 तास. यात येण्याजाण्याचा, वाट बघण्याचा, माणूस न भेटल्यानं परत येण्याचा वेळही धरायचा.

दुसऱ्या विषयांच्या सहकाऱ्यांनाही जवळपास शोधलं तर मिळेल. कृष्णाकाठी वाळवा, मिरज भागात पाण्याच्या अतिवापरानं जमिनी क्षारपड झाल्यात. रसायनशास्त्राच्या मुलांनी एका गावातल्या विहिरींच्या पाण्याची क्षारता मोजून नकाशावर मांडली, तर शेतकरी तो नकाशा घरात लावतील. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत वाणिज्यच्या मुलांना एका तंबोऱ्याचा खरा उत्पादनखर्च काढून देता येईल. कुंडल परिसरात प्रतिसरकारच्या आठवणी सांगणाऱ्या घरांतली पुढची पिढीही आता म्हातारी झालीय, इतिहास विभागानं तिकडे आजच जायला हवं. खानापूर तालुक्यातली गलाई व्यवसायातली कुटुंबं देशभर पसरली आहेत. सोने-चांदीच्या भट्टीमागे घर बदलत राहणाऱ्या मुलांच्या शाळेचं काय होतं, हा समाजशास्त्राचा अस्सल प्रश्न आहे. साताऱ्याच्या मित्रांकडे तर कास पठार आहे. ते 2012 पासून जागतिक वारसास्थळांच्या यादीत आहे. फुलांच्या हंगामात तिथल्या आसपासच्या गावांना पर्यटनातून नेमकं काय मिळतं, हे एका गावापुरतं मोजलं तरी पुष्कळ.

यादीतले तीनच गुण घ्या

एका प्रोजेक्टमधून सगळे गुण घडतात असं दाखवणारा तक्ता मला पटत नाही. सगळ्या चौकोनांत ‘3’ भरलेलं सीओ-पीओ मॅपिंग (विषयाची फलितं आणि पदवीची फलितं जुळवणारा तक्ता) तपासणाऱ्यालाही पटत नसतं. मी तीन निवडते आणि मुलांना पहिल्याच दिवशी मराठीत, वर्तनाच्या भाषेत सांगते. ‘संवादकौशल्य’ म्हटलं की मुलं स्टेजवरचं भाषण समजतात. म्हणून मी लिहून देते:

एक, आकडा समोर आला की तो कुठून आला, कुणी मोजला आणि कशाचा आहे हे विचारणं.
दोन, आपल्यापेक्षा वयानं मोठ्या, वेगळ्या कामातल्या माणसाचं पूर्ण ऐकून घेणं आणि त्याला कळेल असं सांगणं.
तीन, दिलेला शब्द पाळणं; नाव गुप्त ठेवू म्हटलं तर ठेवणं, अकराला येतो म्हटलं तर अकराला पोचणं.

तिसरा गुण शैक्षणिक वाटत नाही. पण नोकरी देणारी माणसं भेटली की पहिली चौकशी त्याचीच करतात, आणि यादीत तो स्वायत्तता, जबाबदारी, उत्तरदायित्व या जड शब्दांखाली आहेच.

गट, गाव आणि एस.टी.चा पास

चार जणांचा गट पुरतो. पाचवा बहुधा नुसता सोबत फिरतो. गट मित्रमंडळींचा होऊ देऊ नका. बागायतदाराचं मूल, मजुराचं मूल, सांगली शहरातलं मूल, आणि जमलं तर वेगळ्या भाषेतलं मूल एकत्र आणा. आमच्या यार्डात कर्नाटकातल्या विजयपूर भागातलेही शेतकरी माल घेऊन येतात. जत तालुक्यातली एक मुलगी वर्गात कधी बोलत नसे, कारण घरी कन्नड आणि मराठीत अडखळायची भीती. पहिल्याच फेरीत गटाला कळलं की निम्म्या माणसांशी बोलू शकणारी ती एकटीच आहे. दुसऱ्या आठवड्यापासून कुणाला भेटायचं हे तीच ठरवत होती. वर्गात तिला बोलतं करायला मी काहीही केलं असतं तरी हे झालं नसतं.

गाव निवडताना मुलांचा एस.टी. पास कुठल्या मार्गाचा आहे ते बघा. विद्यार्थी पासावर घर ते महाविद्यालय एवढाच प्रवास होतो. त्याबाहेरचं प्रत्येक तिकीट पालकांच्या खिशातून जातं आणि दोन फेऱ्यांनंतर मूल कारणं सांगायला लागतं. म्हणून गटातल्या निदान एकाचं गाव त्या मार्गावर असावं. सकाळी कामाला जाणारी मुलं असतात, त्यांना संध्याकाळची घरभेट द्या, यार्डातली नको. मुलींच्या घरी स्वतः फोन करा. कुठे जाणार, कुणासोबत, किती वाजता परत, हे आई-वडिलांना प्राचार्यांच्या सहीच्या पत्रासह कळलं की परवानगी मिळते. अंधार पडायच्या आत घर, हा नियम मुलांनाही लावा.

तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या सहकाऱ्यांसाठी मुद्दाम सांगते: एका वेळी आठ गट घेऊ नका. दोन गट नीट करा. तुमच्या तासांत हे सगळं मोजलं जात नाही, याची मला पूर्ण जाणीव आहे आणि ते मोजलं जायला हवं, हे मी प्रत्येक बैठकीत मांडते.

पहिली भेट

शेतकऱ्याला ‘तुमचं उत्पन्न किती?’ असं विचारायचं नाही. कुणीच अनोळखी पोराला ते सांगणार नाही आणि सांगितलं तरी खरं नसेल. कामाच्या क्रमानं विचारायचं. बाग किती एकर, यंदा छाटणी कधी घेतली, शेड स्वतःची की भाड्याची, किती पेट्या निघाल्या, किती लगेच विकल्या, किती ठेवल्या. मग विश्वास बसला की ‘काका, एखादी जुनी पट्टी बघायला मिळेल का?’ असं विचारायचं. पट्टी म्हणजे अडत्याकडून मिळणारा विक्रीचा हिशेब. दर, वजन, अडत, हमाली, तोलाई सगळं त्या एका कागदावर असतं. फोटो काढायचा नाही, हवे ते आकडे वहीत उतरवायचे, नाव लिहायचं नाही, घराला क्रमांक द्यायचा.

वही हाताने लिहिलेली आणि त्याच संध्याकाळची हवी. यावर मी हट्टी आहे. कुणाला भेटलो, काय विचारलं, त्यांनी काय सांगितलं, काय सांगायचं टाळलं, आपल्याला काय कळलं नाही. शेवटचं वाक्य रोज लिहायचंच. ‘आज काय कळलं नाही’ या रकान्यातूनच पुढच्या भेटीचे प्रश्न निघतात, आणि सत्राअखेरीला कोण किती पुढे सरकलं हे मला त्या रकान्यावरून दिसतं. जुलैत मुलं लिहितात, ‘सगळं कळलं.’ सप्टेंबरात तीच मुलं लिहितात, ‘काकांनी शीतगृहाचं भाडं पेटीवर सांगितलं, व्यवस्थापकांनी टनावर, दोन्ही जुळत नाहीत, कुणाचं बरोबर?’

आकड्यांशी झटापट: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

साठातले वीस तास तरी यात जाऊ द्या. पहिला घोळ मोजमापाचा. कुणी किलोत बोलतं, कुणी पेटीत, कुणी टनात. सगळं एका मापात आणल्याशिवाय बेरीज करायची नाही. दुसरा घोळ प्रतीचा. हिरवा, पिवळा आणि काळा बेदाणा यांचे दर वेगळे, त्यातही मणी मोठा की बारीक, चकाकी आहे की नाही. एप्रिलमधल्या काळ्याची तुलना ऑक्टोबरमधल्या हिरव्याशी केली तर थांबण्यात प्रचंड फायदा दिसेल आणि तो खोटा असेल.

तिसरा घोळ सगळ्यांत शिकवणारा. वर्तमानपत्रात ‘बेदाण्याला उच्चांकी दर’ अशी बातमी येते. मुलं ती कात्रणं घेऊन येतात. मी विचारते, हा दर किती पेट्यांना मिळाला? त्या दिवशी यार्डात एकूण आवक किती होती? मग मुलं अडत्याकडे जातात आणि कळतं की मुहूर्ताच्या सौद्यात निवडक मालाला मिळालेला तो दर होता. त्या दिवशीचा बहुतेक माल बऱ्याच खाली विकला गेला. सर्वाधिक दर आणि सरासरी दर यातला फरक मी वर्गात फळ्यावर दरवर्षी शिकवते. यार्डातून परत आलेलं मूल तो कधी विसरत नाही.

मग मुख्य हिशेब. समजावण्यासाठी गोल आकडे घेते. एप्रिलमध्ये दर किलोला 150 रुपये आणि ऑक्टोबरमध्ये 165. शेतकरी म्हणतो, सहा महिने थांबलो आणि किलोमागे 15 रुपये सुटले. आता समजा शीतगृहाचं भाडं किलोला महिन्याला 1 रुपया. सहा महिन्यांचे 6. आणि एप्रिलमध्ये हाती आले असते ते 150 रुपये 12 टक्के व्याजाच्या कर्जात भरले असते, तर सहा महिन्यांचं 9 रुपये व्याज वाचलं असतं. सहा अधिक नऊ, पंधरा. फायदा शून्य, आणि अजून जादाची हमाली आणि वजनातली घट धरलेलीच नाही.

ही बेरीज फळ्यावर मी मांडायची नाही, हे महत्त्वाचं. मुलांनी प्रत्येक घराच्या खऱ्या आकड्यांवर ती करायची. व्याज का धरायचं, पैसे कर्जाऊ नसतील तरीही का धरायचं, यावर आमच्याकडे एक अख्खा तास भांडण झालं. एका मुलाचा मुद्दा असा की वडिलांवर कर्जच नाही, मग व्याज कुठलं? दुसरीनं विचारलं, तेच पैसे पतसंस्थेत ठेवले असते तर? संधी-व्यय ही संकल्पना मी त्या दिवशी शिकवली नाही, फक्त शेवटी तिचं नाव सांगितलं.

पुढे एका गटाला बाजार समित्यांमार्फत चालणारी शेतमाल तारण कर्ज योजना कळली. बेदाणा त्यात बसतो आणि व्याज सावकारी दरापेक्षा पुष्कळ कमी आहे. मालाच्या किमतीच्या काही भागावरच कर्ज मिळतं, पण तेवढ्यानंही उत्तर बदलतं. म्हणजे ‘थांबावं की विकावं’ याचं एकच उत्तर नाही. कुणाचं कर्ज कुठल्या दराचं, शेड कुणाची, माल कुठल्या प्रतीचा, यावर ते ठरतं. एका प्रश्नाची माणसागणिक वेगळी उत्तरं का येतात, हे विद्यार्थ्याला पुराव्यानिशी सांगता आलं, की चिकित्सक विचार हा गुण मी त्याच्या खात्यावर निःशंक लिहिते.

एआयला कुठे बसवायचं

बंदी घालू नका, पाळली जाणार नाही. मी वहीत पहिल्या पानावर तीन ओळी लिहून घेते. प्रश्नावलीचा कच्चा मसुदा, एक्सेलमधलं सूत्र आणि अहवालातलं शुद्धलेखन यांसाठी एआय चालेल. घरभेटीची नोंद, आकडे आणि निष्कर्ष यांसाठी नाही. वापरलं असेल तिथे ‘वापरलं’ असं लिहायचं, त्याचे गुण कापले जाणार नाहीत.

याखेरीज एक काम मुद्दाम द्या. तोच प्रश्न एआयला विचारून त्याचं उत्तर छापून आणायला सांगा आणि गटानं आपल्या वहीच्या आधारे त्यातल्या चुका दाखवायच्या. यंत्र मोघम आणि आत्मविश्वासानं बोलतं. त्याला तासगावच्या त्या घरातली पट्टी माहीत नसते. आपल्याला यंत्रापेक्षा जास्त माहीत आहे, हा अनुभव एकोणीस वर्षांच्या मुलाला आज फार गरजेचा आहे. इंटरनेटवर आहे तेच ज्ञान, आणि आपल्या घरातलं, बापाच्या बोलण्यातलं ते काहीच नाही, असं समजत ही मुलं वाढली आहेत.

गुण कसे द्यायचे

पन्नास गुण असतील तर मी असे वाटते: प्रश्नाची मांडणी आणि कामाचा आराखडा 10, वही आणि आकडे 15, शेतकऱ्यांसमोरची मांडणी 10, तोंडी परीक्षा 15. जाड बांधीव अहवालाला वेगळे गुण नाहीत. तसे ठेवले की मुलं झेरॉक्सच्या दुकानात रमतात.

तोंडीला प्रत्येकाला एकटं बोलवा. अहवालातला कुठलाही एक आकडा दाखवा आणि विचारा, हा कुठून आला? मग विचारा, हा चुकीचा असण्याची शक्यता कुठे आहे? मग, उलट निष्कर्ष काढणाऱ्याला तुम्ही काय सांगाल? दहा मिनिटं पुरतात. ज्यानं काम केलंय तो पहिल्या प्रश्नाला वही उघडतो, पान दाखवतो.

मोजपट्टी चार पायऱ्यांची ठेवा, पण ‘उत्तम, चांगले, बरे’ असे शब्द नकोत. आकड्यांच्या गुणासाठी माझ्या पायऱ्या अशा: आकडा सांगतो पण स्रोत सांगता येत नाही, स्रोत सांगतो पण शंका घेत नाही, दोन स्रोत ताडून बघतो, दोन स्रोत जुळले नाहीत तर का जुळले नाहीत याचं कारण शोधून आणतो. हेच मुलांना जुलैत वाचून दाखवा आणि सप्टेंबरात त्यांना स्वतःला कुठे ठेवाल ते विचारा. बहुतेक मुलं स्वतःला माझ्यापेक्षा कमीच देतात.

आयक्यूएसीला (महाविद्यालयाच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाला) लागणारी आकडेवारी यातूनच निघते. तीन गुण, चार पायऱ्या, जुलैची पातळी आणि ऑक्टोबरची पातळी. वेगळं नाटक करावं लागत नाही.

उत्तर परत नेऊन द्या

ही पायरी सोडली तर आधीचं सगळं वाया. दोन पानांचा गोषवारा, गावात बोलतात त्या मराठीत, मोठ्या अक्षरात. नावं नाहीत. आणि दसऱ्याच्या आधी, कारण दिवाळीची खरेदी सुरू झाली की निर्णयाची वेळ निघून जाते. सोसायटीच्या किंवा ग्रामपंचायतीच्या खोलीत संध्याकाळी सातला माणसं जमतात. मुलांनी उभं राहून सांगायचं, शिक्षकानं मागे बसायचं, मध्ये बोलायचं नाही.

तिथले प्रश्न कुठल्याही बहिःस्थ परीक्षकापेक्षा कडक असतात. ‘बाळा, तू घट किती धरलीस? माझ्या मालाला एवढी घट आलेली नाही,’ असं एका आजोबांनी विचारलं. मुलानं वही काढली, कुठल्या घरांत किती सांगितली गेली ते वाचून दाखवलं आणि म्हणाला, ‘तुमचा आकडा आम्हाला मिळाला नव्हता, दिलात तर हिशेब पुन्हा करतो.’ पुढच्या आठवड्यात तो एकटाच पट्टी बघायला गेला. त्याला तेव्हा गुण मिळून गेले होते, प्रोजेक्ट संपला होता.

साताऱ्याच्या मातीत ही कल्पना शंभर वर्षं जुनी आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. सगळ्या जातींची मुलं एकत्र राहून स्वतः राबत शिकली. 1947 मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज झालं आणि ‘कमवा आणि शिका’ पदवीपर्यंत पोचलं. श्रम, सहजीवन आणि स्वावलंबन हे गुण तिथे रोजच्या दिनक्रमात होते, वेगळा पेपर नव्हता. आज त्याच साताऱ्यात कर्मवीरांच्या नावाचं समूह विद्यापीठ उभं आहे. आपल्याला गुणविशेषांच्या यादीसाठी परदेशाकडे बघायची फारशी गरज नाही.

नोंद आणि पुढची मुलाखत

प्रत्येक मुलाचा अपार आयडी (विद्यार्थ्याचा कायमचा ओळख क्रमांक) आणि अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिटचं (मिळवलेली क्रेडिट जमा होतात ते) खातं डिजिलॉकरवर चालू आहे का, ते सत्राच्या सुरुवातीलाच तपासा. आधारवरचं नाव आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव जुळत नसेल तर तिथेच अडतं. लग्न झालेल्या मुलींच्या बाबतीत तर हटकून. पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षानंतर शिक्षण थांबलं, तर पुढे परत येताना याच क्रेडिटचा आधार असतो. द्राक्षाचं वर्ष बुडालं की कॉलेज सोडणारी मुलं आम्ही दरवर्षी बघतो. त्यांच्यासाठी ही सोय खरी आहे, ती कागदावर राहू देऊ नका.

क्रेडिटवर फक्त आकडा दिसतो. म्हणून सहाव्या सत्रातल्या ओजेटीच्या (प्रत्यक्ष कामाच्या जागी होणाऱ्या प्रशिक्षणाच्या) आधी मुलांकडून पाच-सहा ओळी लिहून घ्या. ‘मी मेहनती असून मला टीमवर्कची आवड आहे’ असली ओळ खोडायची. त्याजागी: ‘चार जणांच्या गटात बेदाणा साठवणुकीच्या खर्चाचा हिशेब केला. वेगवेगळ्या मापांतले आकडे एका मापात आणण्याचं काम माझं होतं. निष्कर्ष गावातल्या बागायतदारांसमोर मांडला आणि त्यांच्या हरकतीनंतर दुरुस्त केला.’ बँकेत, पतसंस्थेत, शीतगृहाच्या ऑफिसात, पुण्यातल्या कंपनीत, कुठेही ही तीन वाक्यं चालतात, आणि पुढचा प्रश्न मुलाला येणाराच असतो.

पालक विचारतात, यानं नोकरी लागेल का? मी त्यांना खात्री देत नाही. मी त्यांना त्या गावच्या बैठकीला बोलावते. आपली मुलगी चाळीस माणसांपुढे उभी राहून हिशेब सांगतेय हे बघितल्यावर एका वडिलांनी तिचं पदवीचं चौथं वर्ष करायचं त्याच रात्री ठरवलं.

सत्र संपलं की प्रत्येक गटाची आकड्यांची फाईल, नावं काढून, विभागात ठेवा. सोबत एक कागद: कुठले प्रश्न सुटले नाहीत, कोण माणसं पुन्हा भेटायला तयार आहेत, कुणाला उत्तर द्यायचं राहिलं. आमच्या फाईलमध्ये शेवटच्या बैठकीतला एक प्रश्न लिहून ठेवलाय: दोन-तीन एकरवाल्या बागायतदारांनी एकत्र येऊन माल एका प्रतीचा करून ठेवला, तर भाड्यात आणि दरात किती फरक पडेल? तो विचारणाऱ्या ताईंचा होकार घेतलेला आहे. जुलैत नव्या गटानं पहिली भेट त्यांच्याच शेडवर द्यायची आहे.